ऑड्री लॉर्डचे पुस्तक आणि मृत्यूचा रकाना

काळ्यांच्या साहित्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली ‘दलित पँथर’ हे नाव घेतले गेले तेही ब्लॅक पँथरवरूनच. पण आपण वाचले ते बहुतांशी पुरुषांचे, रस्त्यावरच्या लढ्याचे. ऑड्री लॉर्ड या काळ्या कवयित्रीचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) आपल्या चर्चेत फारसे आले नाही. स्तनाचा कर्करोग हा काय साहित्याचा विषय, असे वाटले असावे.

१९७८ साली लॉर्डचा एक स्तन काढला गेला. इस्पितळात एक बाई तिला लोकरीचा कृत्रिम स्तन आणून देते. तो असतो फिकट गुलाबी. काळ्या अंगावर गुलाबी गोळा! पुढे दवाखान्यातली परिचारिका तिला सुनावते, की तो न लावता येण्याने इतरांचे मनोधैर्य खचते. लॉर्ड तो लावीत नाही. दुःख सांगणारी आत्मकथने पुष्कळ आहेत; ते झाकायला नकार देणारी थोडी. मला या पुस्तकाचे मोल त्या नकारात वाटते.

त्या गोळ्यामागे एक गृहीत आहे: रोगी स्त्री म्हणजे गोरी स्त्री. आकड्यांचा अर्धा भाग त्याला पुष्टी देतो. अमेरिकेत काळ्या स्त्रियांत या रोगाचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा सुमारे ५ टक्के कमी आहे. पण होणे आणि मरणे हे दोन निराळे रकाने आहेत. काळ्या स्त्रियांचा मृत्युदर सुमारे ४० टक्के अधिक आहे! ऐन तरुण वयात तर रोगाचे प्रमाणही त्यांच्यातच जास्त. आणि पुस्तक निघाले त्या सुमारास दोघींचे मृत्युदर जवळजवळ सारखे होते. पुढे मॅमोग्राफी पसरली, टॅमॉक्सिफेनसारखी औषधे रुळली, आणि दरी पडली. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा उपचारांना अवघड प्रकार काळ्या स्त्रियांत सुमारे दुप्पट आढळतो, हे खरे. पण सारा दोष रक्ताचाच असता, तर मेम्फिससारख्या शहरात ही दरी फार रुंद आणि दुसऱ्या शहरात अरुंद, असे का झाले असते?

लॉर्डची मर्यादाही येथेच दिसते. ती कॉलेजात शिकवीत होती, भोवती मैत्रिणी होत्या. विमा नसलेली, दुसऱ्यांच्या घरी राबणारी, गाठ हाताला लागूनही रोज बुडेल म्हणून थांबणारी बाई तिच्या रोजनिशीच्या केंद्रस्थानी नाही. ती भेटते मृत्यूच्या रकान्यात.

आपल्याकडे तो रकाना तरी नीट वाचला जातो का? १९६३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या कर्करोग नोंदणीने पारशी स्त्रियांतील जास्त प्रमाण धर्मवार तक्त्यांतून दाखविले. त्याच तक्त्यांत ‘हिंदू’ या एका शब्दाखाली मातंग बाई आणि ब्राह्मण बाई एकत्र मोजल्या गेल्या. १९८७ पासूनच्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीत हा रोग मुंबईहून बराच कमी दिसला. ‘आपल्या बायकांना हा होत नाही’ असे म्हणणारे कार्यकर्ते मला भेटले आहेत. ज्यांना झाला त्यांतल्या किती जगल्या, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारले नव्हते.