दुकानातल्यासारखा सॉस

बोटाला लावून चाटला की दुकानातला सॉस आधी आंबट लागतो, लगेच गोड, मग खारट. कांदा, लसूण, लवंग, दालचिनी सगळे हजर असतात, पण एकालाही नावानं हाक मारता येत नाही. आणि ताज्या टोमॅटोचा हिरवट, देठाजवळचा वास? तो पार हरवलेला. घरच्या सॉसमध्ये नेमका तोच पुढे येतो, मग मुलं म्हणतात, ‘ही तर चटणी!’

नाशिककडच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या जाळीला भाव फुटतो. तो कोसळला की माल रस्त्यावर ओतला जातो. अशा स्वस्ताईतच घराघरांत सॉसची हौस उचल खाते. पण हा टोमॅटो लांबच्या प्रवासाचा, कडक सालीचा, आणि तरी ९४-९५ टक्के पाणीच. सॉसमध्ये मात्र विद्राव्य घटक निदान २५ टक्के आणि आम्लता निदान १ टक्का हवी, असा आपला अन्नसुरक्षा नियम आहे. नुसतं आटवून तिथवर जायचं तर टोमॅटोचा लगदाच उरेल. उरलेली वाट साखर चालते.

फळप्रक्रियेच्या जुन्या प्रमाणात किलोभर गराला ७५ ग्रॅम साखर असते. गर आटून तिसरा हिस्सा राहतो, म्हणजे सॉसचा जवळजवळ पाचवा भाग साखर. हे कळल्यावर गृहिणीचा हात आखडतो आणि दुकानातली चव तिथेच निसटते. साखरेचा तिसरा हिस्सा सुरुवातीला, रंग धरायला. बाकीची उशिरा, नाहीतर करपते. मीठ आणि व्हिनेगर अगदी शेवटी, कारण आधी घातलेलं व्हिनेगर वाफेबरोबर उडून जातं.

मला सगळ्यात आवडते ती मसाल्याची पुरचुंडी. मसाला कुटून फडक्यात बांधायचा, उकळू द्यायचा, पिळून काढून टाकायचा: अर्क राहतो, कण राहत नाही. आणि लवंगांची डोकी आधी खुडायची! त्यातलं टॅनिन लोखंडाशी जुळलं की बाटलीच्या गळ्याशी काळं कडं धरतं. इतक्या बारीक गोष्टीपर्यंत कुणाचं तरी लक्ष गेलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

बियांभोवतीचा बुळबुळीत रस मात्र फेकू नये. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी ज्या चवीला उमामी म्हटलं, तिचं ग्लुटामेट टोमॅटोत तिथेच जास्त असतं. बियांसकट शिजवावं, मग गाळावं. थेंब बशीत टाकला आणि भोवती पाण्याची कड सुटली नाही की सॉस झाला.

रंगात मात्र घर हरतं. कारखान्यात हवेचा दाब कमी करून गर कमी तापमानाला आटवतात, म्हणून लाली टिकते. आपल्या उघड्या पातेल्यात ती विटकरीकडे झुकते. चमचाभर काश्मिरी मिरचीपूड घालून हे लपवता येतं. मी लपवतो.