नामदार गोखले यांचे वरिष्ठ कायदेमंडळातील मतदान : एक चिकित्सा

लोकप्रतिनिधीच्या कार्याचे मोजमाप त्याच्या भाषणांवरून करावे की त्याने दिलेल्या मतांवरून, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. भाषणात शंका, सबबी, अटी, अपवाद या साऱ्यांना जागा असते. मतास ती नसते. ते एकतर या बाजूस पडते किंवा त्या बाजूस, आणि नोंद एकदा झाली की तिला मागाहून विशेषण चिकटविता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी ९ मे १८६६ रोजी जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयीची सर्वसाधारण चर्चा त्यांचे वक्तृत्व, त्यांची त्यागवृत्ती आणि टिळकांशी असलेला त्यांचा मतभेद यांभोवती फिरत राहते. ते १९०१ च्या अखेरीस मुंबईच्या कायदेमंडळातील बिनसरकारी सभासदांकडून वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून गेले व १९ फेब्रुवारी १९१५ रोजी मृत्यू येईपर्यंत तेथे होते. या तेरा वर्षांत त्यांनी नेमके कोठे हात वर केला आणि कोठे केला नाही, हे पाहिल्याखेरीज त्यांच्या संसदीय कार्याचा निवाडा पुरा होणार नाही.

प्रथम त्या मंडळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. ‘वरिष्ठ’ हा शब्द येथे प्रांतिक मंडळांच्या वरचे, म्हणजे गव्हर्नर-जनरलचे मंडळ या अर्थी आहे. आजच्या राज्यसभेसारखे दुसरे सभागृह असा त्याचा अर्थ नव्हे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला होता; परंतु अंदाजपत्रकावर मत घेतले जात नसे, आणि उत्तर असमाधानकारक वाटले तरी उपप्रश्न विचारता येत नसे. १९०९ च्या कायद्याने अतिरिक्त सभासदांची संख्या ६० पर्यंत नेली, ठराव मांडण्याचा व त्यावर मतविभागणी मागण्याचा हक्क दिला. पण या मंडळात सरकारी सभासदांचे बहुमत बुद्ध्या कायम राखले. तात्पर्य, गोखल्यांना आपल्या मताने एकही विधेयक पाडता येणार नव्हते आणि एकही संमत करून घेता येणार नव्हते. अशा सभागृहात मताला फलदायी किंमत नसते. त्याची किंमत साक्षीची असते.

या साक्षीची रीत त्यांनी मुंबईत शिकून घेतली होती. १९०१ साली जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळापुढे आले. सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा कुळाचा हक्क काढून घेता यावा, असा त्याचा रोख होता. विधेयक पुढे ढकलावे ही मागणी फेटाळली गेल्यावर फिरोजशहा मेहता सभागृह सोडून गेले व गोखल्यांसह इतर काही सभासद त्यांच्यामागोमाग बाहेर पडले. गोखल्यांच्या स्वभावास हे कृत्य मानवणारे नव्हते आणि ते पुढे त्यांच्या पद्धतीचा भाग झाले नाही. वरिष्ठ मंडळात ते बसून राहिले, बोलले, उपसूचना मांडीत राहिले आणि हरत राहिले.

१९०२ ते १९०९ हा कालखंड अंदाजपत्रकावरील भाषणांचा आहे. २६ मार्च १९०२ च्या पहिल्याच भाषणात त्यांनी सात कोटींच्या शिलकेबद्दल सरकारचे अभिनंदन करण्याचे नाकारले. त्यांचा युक्तिवाद गणिताच्या शिक्षकाला शोभेल असा होता. रुपयाचा भाव घसरत असताना विलायतेतील देणे भागविण्यासाठी कर वाढविण्यात आले. पुढे रुपया १६ पेन्सांवर स्थिर झाला, तेव्हा तूट नाहीशी झाली. पण कर तसेच राहिले. म्हणून शिलकी अंदाजपत्रक हे देशाच्या सुबत्तेचे लक्षण नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याचा पुरावा आहे. या भाषणांची आकडेवारी सिद्ध करण्यात गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य किती मोलाचे होते, हे उभयतांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. आणि त्या भाषणांचे श्रेय वाटताना ते विसरता कामा नये.

मिठावरील कर हा या भाषणांचा कायमचा विषय. १८८८ पासून मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. कोकणपट्टीत, जेथे मासळी खारवून ठेवणे हा पावसाळ्याच्या बेगमीचा भाग आहे, तेथे या दीड रुपयाचा अर्थ निराळा सांगावयास नको. याच किनाऱ्यावर, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. तथापि ही कपात केवळ गोखल्यांनी घडवून आणली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तिजोरीत शिलक होती व ती कोठेतरी सोडणे सरकारला भाग होते. गोखल्यांनी इतकेच केले की ती सोडावयाची झाल्यास प्रथम कोणाच्या पदरात सोडावी, हे वर्षानुवर्षे आकड्यांनी सांगितले. जेथे मत देण्याचा हक्कच नव्हता तेथे एवढे साधणे ही लहान गोष्ट नव्हे.

विधेयकांच्या बाबतीत त्यांची भूमिका १९०३-०४ मध्ये स्पष्ट झाली. सरकारी गुपितांविषयीच्या कायद्याची व्याप्ती लष्करी बाबींवरून मुलकी बाबींपर्यंत वाढविणाऱ्या विधेयकास त्यांनी कसून विरोध केला. अंमलदाराच्या हाती असे शस्त्र दिल्यास वृत्तपत्रांना टीका करणेच अशक्य होईल, हा त्यांचा मुद्दा होता. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यावर प्रवर समितीत भिन्नमतपत्रिका जोडून आणि सभागृहात एकामागून एक उपसूचना मांडून त्यांनी तो विरोध चालू ठेवला. १ नोव्हेंबर १९०७ रोजी सिमल्यास राजद्रोही सभांच्या प्रतिबंधाचा कायदा संमत झाला, तेव्हाही रासबिहारी घोष यांच्याप्रमाणे ते विरोधातच होते. या तिन्ही प्रसंगी सूत्र एकच दिसते : न्यायालयाचा अंकुश नसलेली सत्ता अंमलदाराच्या हाती देऊ नये.

या सूत्रास ८ फेब्रुवारी १९१० रोजी तडा गेला. डिसेंबर १९०९ मध्ये नाशकास जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा आणि जानेवारीत कलकत्त्यास उच्च न्यायालयाच्या आवारात पोलीस अधिकारी शम्सुल आलम यांचा वध झाला होता. ४ फेब्रुवारीस मांडलेले वृत्तपत्रविषयक विधेयक अवघ्या चार दिवसांत संमत झाले. नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत तारण मागण्याचा, ते जप्त करण्याचा आणि पुन्हा अपराध झाल्यास छापखानाच सरकारजमा करण्याचा अधिकार त्याने अंमलदारास दिला. विरोधी मते फक्त दोन पडली : भूपेंद्रनाथ बसू यांचे आणि मदनमोहन मालवीय यांचे. गोखल्यांचे नाव त्यांत नाही. एरवी अशा कायद्यास आपण विरोधच केला असता, परंतु परिस्थिती अपवादात्मक आहे, अशा आशयाचे भाषण करून त्यांनी त्यास संमती दर्शविली.

याचे समर्थन करता येत नाही असे नाही. नव्या सुधारणांनुसार बनलेले मंडळ नुकतेच भरू लागले होते. पहिल्याच महत्त्वाच्या विधेयकावर बिनसरकारी सभासद आडवे गेले तर सुधारणांचे विरोधक त्याचा फायदा घेतील, ही भीती खोटी नव्हती. सत्येंद्रप्रसन्न सिन्हा हे पहिले हिंदी विधिमंत्री त्या वेळी कार्यकारी मंडळात होते, ही अडचणही होती. परंतु समर्थनाने कृतीचे कारण कळते, तिची योग्यता सिद्ध होत नाही. १९०४ साली जे तत्त्व म्हणून मांडले ते १९१० साली प्रसंगाच्या दडपणाखाली बाजूस ठेवले गेले, आणि तत्त्वाची कसोटी तर दडपणाखालीच लागते. १९१३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी महंमद अली यांच्या अर्जावर निकाल देताना या कायद्याची व्याप्ती किती अफाट आहे व न्यायालयाचा अधिकार किती तोकडा आहे, हे उघड केले. कायदा १९२२ पर्यंत टिकला. तात्पुरत्या भयासाठी दिलेली संमती बारा वर्षे वसूल केली गेली. गोखल्यांच्या मतपत्रिकेवरील हा सर्वांत मोठा डाग होय, आणि चरित्रकाराच्या भक्तीने तो पुसला जाऊ नये.

त्याच वर्षी, त्याच महिन्यात, २५ फेब्रुवारीस, नाताळकडे जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबविण्याचा त्यांचा ठराव सरकारने स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. मंडळाच्या मर्यादेत मिळालेले हे निर्विवाद यश. पुढे ४ मार्च १९१२ रोजी ही पद्धत समूळ बंद करावी असा ठराव त्यांनी मांडला, तो २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. आणि १९ मार्च १९१२ रोजी त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक प्रवर समितीकडे पाठविण्याची सूचना १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली.

हे विधेयक किती सौम्य होते ते पाहावे. सक्ती सर्व देशावर नव्हती. ज्या क्षेत्रात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल तेथेच, आणि स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच. वय ६ ते १०, आरंभी फक्त मुलगे. दरमहा १० रुपयांहून कमी प्राप्ती असलेल्या पालकास फी माफ. खर्चाचा एक-तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेने व दोन-तृतीयांश सरकारने उचलावा, अशी अपेक्षा. बडोदे संस्थानात १९०६ पासून याहून कितीतरी पुढचा कायदा चालू होता. थोरल्या भावाने पंधरा रुपयांच्या पगारातून पाठविलेल्या आठ रुपयांवर ज्याचे शिक्षण झाले, त्या सभासदास हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

आता दोन मतविभागण्या शेजारी ठेवल्या असता एक गोष्ट नजरेत भरते. पहिल्या वेळी एकूण ५५ मते पडली, दुसऱ्या वेळी ५१. मतदात्यांत घट केवळ ४ ची. पण गोखल्यांच्या बाजूची मते ९ ने घटली आणि विरुद्ध मते ५ ने वाढली. कोण गैरहजर राहिले व कोण पलीकडे गेले, हे नावनिशीवार ताडल्याखेरीज अंतिम निष्कर्ष काढू नये. तरी इतके निश्चित, की पंधरा दिवसांपूर्वी समुद्रापलीकडील मजुराच्या कैवारासाठी जी हिंदी मते एकत्र आली होती ती सारीच्या सारी गावातील कुळाच्या मुलाला शाळेत बसविण्यासाठी टिकली नाहीत. परकीयाने केलेल्या अन्यायाविरुद्ध एकवाक्यता सोपी असते. घरातील व्यवस्था बदलावयाची झाली, शिक्षणकराची भाषा निघाली, मजूर महाग होण्याची धास्ती वाटू लागली, की ती विरते. सरकारी बहुमत नसते तर विधेयक संमत झाले असते, ही समजूत म्हणूनच तपासून घेतली पाहिजे. मालवीय व जीना यांच्यासारख्यांचा पाठिंबा असूनही आकडा तेराच्या पुढे गेला नाही.

मतांनी हरलेल्या या दोन्ही गोष्टी पुढे कायद्याने आल्या. १९१६ साली मालवीयांचा करारबद्ध मजुरीविरुद्धचा ठराव सरकारने मान्य केला व १९१७ साली भरती थांबली. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा व मुलीचा हक्क म्हणून ते १ एप्रिल २०१० रोजी अमलात आले.

आज सभासदाची कामगिरी हजेरीची टक्केवारी आणि प्रश्नांची संख्या यांनी मोजण्याचा प्रघात आहे. राज्यसभेतही बहुतेक विधेयके आवाजी मतानेच संमत होतात, आणि विभागणी झाली तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मत पक्षादेशाने बांधलेले असते. त्यातून सभासदाचे मन फारसे वाचता येत नाही. गोखल्यांच्या मतावर कोणाचा आदेश नव्हता. म्हणूनच १९१२ चे तेरावे मत जसे त्यांचे स्वतःचे, तसे १९१० चे न दिलेले विरोधी मतही त्यांचे स्वतःचेच. एकाचा गौरव करावयाचा तर दुसऱ्याचा हिशेबही त्यांच्याच नावे मांडला पाहिजे. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू वाचून दाखविण्याची सवय त्या मंडळास लावणाऱ्या सभासदाची चिकित्सा यापेक्षा निराळ्या रीतीने होऊ नये.