धडधडीचे मोजमाप : एका प्रश्नावलीची भाषिक परीक्षा

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे नियमित आकुंचन थांबून त्यांची नुसती थरथर होऊ लागली, की त्या विकारास वैद्यक एट्रियल फिब्रिलेशन असे नाव देते. ठोके बेताल पडत आहेत हे हृदयाच्या विद्युत्-आलेखावरून कळते. परंतु त्यामुळे रुग्णाच्या जगण्यात किती अडथळा येतो हे कळत नाही. एकास जिना चढणे अशक्य होते, तर दुसऱ्यास आपणास असा विकार आहे याची जाणीवही नसते. म्हणून रुग्णासच विचारणे प्राप्त होते. आणि विचारणे आले की भाषा आली.

२०११ साली प्रसिद्ध झालेली ए. एफ. ई. क्यू. टी. ही इंग्रजी प्रश्नावली याच हेतूने रचलेली आहे. लक्षणे, दैनंदिन व्यवहार, उपचारांविषयीची चिंता व त्यांविषयीचे समाधान अशा चार विभागांत तिचे २० प्रश्न वाटलेले असून प्रत्येकास ७ श्रेणींत उत्तर द्यावयाचे असते. पहिल्या १८ उत्तरांवरून ० ते १०० असा गुणांक काढतात. १०० म्हणजे कसलीच बाधा नाही. २००७ साली सुचविलेल्या युरोपीय मापनात रुग्णास चारांपैकी एका वर्गात बसविण्याचे काम डॉक्टर करतो. येथे रुग्ण स्वतः बोलतो, आणि त्याची चिंताही मोजली जाते. हा गुण लहान नव्हे.

तथापि जे मोजावयाचे त्याची पहिलीच श्रेणी संदिग्ध आहे. ‘मुळीच त्रास झाला नाही’ आणि ‘हे लक्षण मला नव्हतेच’ ही दोन विधाने तीत एकत्र केलेली आहेत. लक्षण असूनही ते सोसण्याची सवय झालेला मनुष्य आणि लक्षणमुक्त मनुष्य यांस समान गुण मिळतात. मराठीत ही संदिग्धता अधिकच गडद होते. आपल्याकडे ‘त्रास’ हा शब्द लक्षण आणि त्यापासून होणारी पीडा या दोहोंसाठी वापरतात. ‘छातीचा त्रास आहे’ असे म्हणणारा विकार सांगत असतो, त्याचा जाच नव्हे.

ठोका चुकल्याच्या जाणिवेविषयीचा प्रश्न पाहावा. शब्दशः भाषांतर निर्दोष दिसेल; पण मराठीत काळजाचा ठोका चुकतो तो वाईट बातमी ऐकून. ‘जीव घाबरा होणे’ यातही श्वासाची कोंडी आणि भय एकवटलेले आहेत. अशा शब्दांनी विचारले असता उत्तर हृदयाविषयी आले की मनाविषयी, हे सांगता येणार नाही. मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत उतरवून ताडून पाहण्याची रूढ पद्धत येथे निरुपयोगी ठरते, कारण उलट भाषांतरात तो वाक्प्रचार बिनचूक परत येतो.

श्रेणींचीही तीच गत. ‘किंचित’ आणि ‘थोडा’ यांतील अंतर लिहिणाऱ्यास स्पष्ट असते. ‘किंचित’ हा शब्द बोलण्यात क्वचितच योजणाऱ्या रुग्णास ते जाणवेलच असे नाही. शिवाय दमछाकीच्या भयाने ज्याने जिना चढणेच सोडले, तो ‘चढताना किती अडचण येते?’ यास काय उत्तर देणार? ‘जमत नाही’ आणि ‘करीत नाही’ हा आपल्या क्रियापदांतील भेद या श्रेणींत मावत नाही.

हा काथ्याकूट व्यर्थ नाही, हे गणिताने दाखविता येते. १८ प्रश्नांच्या प्रत्येकी ६ पायऱ्या मिळून १०८ होतात. म्हणजे एक पायरी सुमारे ०.९३ गुणांची. २०१९ मधील एका अभ्यासाने रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण बदल ५ गुणांचा मानला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘कबाना’ चाचणीच्या निष्कर्षांत अब्लेशन आणि औषधोपचार यांतील फरक १२ महिन्यांनी ५.३ गुणांचा आढळला. अर्थात सहा पायऱ्या शब्ददोषाने सरकल्या, तरी अर्थपूर्ण बदलाचा आभास निर्माण होऊ शकतो. एकाच भाषेतील दोन गटांची तुलना करताना दोष सारखाच असल्यास वजाबाकीत तो बहुतांशी नाहीसा होईल, हे मान्य. परंतु निरनिराळ्या भाषांतील गुणांक एकत्र मांडले, किंवा एका रुग्णाच्या गुणांकावरून त्याचा उपचार ठरविला, तर तो दोष तसाच उरतो.

यास्तव मराठी मसुदा वापरण्यापूर्वी प्रत्येक प्रश्न रुग्णास वाचून दाखवून ‘यातून तुम्हांस काय समजले?’ हे त्याच्याच बोलीत सांगावयास लावले पाहिजे. ‘ठोका चुकणे’ याऐवजी ‘छातीतले ठोके मध्येच थांबल्यासारखे वाटणे’ असे साधे वर्णन अधिक विश्वसनीय ठरावे. हे काम वैद्यांनी एकट्याने करावयाचे नाही. शब्दांच्या व्याप्तीचा विचार करणाऱ्या आपल्या विभागाचाही त्यात वाटा आहे, आणि तो उचलणे आपले कर्तव्य होय.