पिंपातील मद्य आणि ‘वारसा’ हा शब्द
उमरग्याचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या मुलखाची पेये म्हणजे मोहाची दारू व शिंदी. तेथे व्हिस्कीच्या ‘पुनरुज्जीवना’ची भाषा निराधार ठरते. गोव्यातही तेच. कुंकळ्ळीची पॉल जॉन ही माल्ट व्हिस्की २०१२ साली लंडनमध्ये प्रथम विक्रीस आली. ओकच्या पिंपातून स्कॉटलंडात वर्षाकाठी सुमारे २ टक्के मद्य उडून जाते, गोव्याच्या उष्म्यात त्याच्या कितीतरी पट. म्हणून तेथे ते लवकर मुरते, पण फार काळ ठेवणे परवडत नाही. हे नवे कसब होय, आणि नवे म्हणूनच ते वाखाणावे. वारसा म्हणावयाचा तर काजूच्या फेणीचा. २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला तो तिला. मोहाची दारू उद्या कोणी पिंपात मुरविली, तरी तो प्रयोगच ठरेल. जुन्या भट्टीवाल्यांचे ज्ञान त्यायोगे परत येणार नाही.