आरमार बुडालें कीं जळालें?

पेशव्यांनीं आंग्र्यांचें आरमार बुडविलें, हें वाक्य आमच्या व्याख्यानांतून व ऐतिहासिक लेखनांतून इतक्या वेळां आलें आहे कीं, त्यांतील क्रियापदाकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. अमरावती-अकोल्याकडील वाचकास समुद्र बहुधा नकाशांतच भेटत असल्यामुळें आमच्या वऱ्हाडांत तर तें विशेष निर्वेधपणें खपतें.

वस्तुतः फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाखालीं तुळाजी आंग्र्याचीं जहाजें बुडालीं नाहींत, तीं जळालीं. ॲडमिरल वॉट्सनचा भडिमार चालू असतां 'रिस्टोरेशन' या जहाजानें पेट घेतला व तेथून आग साऱ्या ताफ्यांत पसरली. (हें जहाज आंग्र्यांनीं पूर्वीं इंग्रजांकडूनच हिरावून घेतलेलें; दैवाचा हा विनोद कोणाहि कादंबरीकारानें सोडूं नये.) खुद्द तुळाजी त्या वेळीं मराठ्यांच्या छावणींत तहाचें बोलणें करीत होता. 'बुडविलें' म्हटलें कीं एक कर्ता व एक हेतु ठरून जातो. पण पेशव्यांस तुळाजीचा किल्ला व त्याची शरणागति हवी होती, राख नव्हे. लूट तर इंग्रजांनीं आपसांतच वाटून घेतली.

स्वीडनचें 'वासा' हें ६४ तोफांचें जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजीं पहिल्याच सफरीस निघालें आणि सुमारें १३०० मीटर जातें न जातें तोंच, वाऱ्यानें कलून, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरल्यामुळें स्टॉकहोमच्या बंदरांत बुडालें. ही हकीकत राजाच्या गर्वाची शिक्षा म्हणून सांगणें फार सोपें आहे. परंतु राजा तेव्हां दूर युद्धावर होता, मुख्य बांधणारा आदल्या वर्षींच वारला होता, आणि तीस माणसें डेकवर इकडून तिकडे धांववून घेतलेली परीक्षा, जहाज भयंकर हेलकावूं लागतांच, थांबविण्यांत आली होती. इतकें पाहूनहि तें सोडलें गेलें! चौकशींत शिक्षा कोणासच झाली नाहीं. खरी शोकांतिका त्या थांबविलेल्या परीक्षेंत आहे. आणि १९६१ सालीं जहाज वर काढून त्या लोकांनीं त्याचें एकेक लांकूड मोजलें.

पेशव्यांस दोषमुक्त करावें असा आमचा आशय नाहीं. १७५५ च्या तहानें परक्या आरमारास आपल्या किनाऱ्यावर त्यांनीं बोलाविलें, हा आरोप बुडविण्याच्या आरोपाहून मुळींच हलका नाहीं. मात्र तो मांडतांना आंग्रे बंधूंचें आपसांतील वैर, पेशव्यांची सत्ता झुगारण्याचा तुळाजीचा हट्ट आणि मुंबईकरांची व्यापारी धास्ती हीं सारींच तोलावीं लागतात. आमच्या लेखकांस तेवढा धीर नसतो. त्यांना एक पापी हवा असतो.

शिवाय, मराठ्यांचें आरमार विजयदुर्गास कायमचेंच संपलें असेल, तर १७८३ सालीं आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें 'रेंजर' जहाज कशाच्या बळावर पकडलें, हेंहि या मंडळींनीं एकदां सांगावें.