गणेशखिंडींतील विद्यापीठ-वास्तु : प्रचलित वृत्तान्ताचें परीक्षण

पुण्यास गणेशखिंडींत विद्यापीठाची जी मुख्य इमारत आहे तिचा वृत्तान्त सामान्यतः दोन वाक्यांत संपविला जातो : प्रथम येथें गव्हर्नर राहत असत, व इ. स. १९४९ पासून येथें विद्यामंदिर झालें. हा वृत्तान्त खोटा नाहीं. परंतु तो समारंभांतील भाषणास शोभणारा असून इतिहास या संज्ञेस पात्र नाहीं, असें आमचें मत आहे. मालक बदलला एवढें सांगून भागत नाहीं. वास्तूचा उपयोग कोणत्या काळीं व कोणासाठीं होत होता, हें तपासलें पाहिजे.

प्रथम उभारणीचा विचार करूं. याच परिसरांत ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. पुढें गव्हर्नराचें पावसाळी बिऱ्हाड बरीच वर्षें दापोडीस होतें. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत, १८६४ सालीं, जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्यावरून गणेशखिंडीची इमारत सुरू झाली व १८७१ सालीं पुरी झाली. आरंभाचें वर्ष ध्यानांत घेण्याजोगें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडील कापूस विलायतेस मिळेना, म्हणून मुंबईंत पैशाचा पूर लोटला. आणि त्या पुराचा एक झरा आमच्या वऱ्हाडांत होता. बुलढाणें जिल्ह्यांतील खामगांवची कापसाची पेठ त्या काळीं नांवाजलेली होती. १८६५ सालीं तेजी बसली, तरी बांधकाम चालूच राहिलें, व त्याच्या खर्चावर विलायतेंतही टीका झाली. मनोऱ्याची इटालियन धाटणी वर्णन करणाऱ्यांनीं ही पार्श्वभूमि गाळावी, हें योग्य नव्हे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ता. २२ जून १८९७ रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त या वास्तूंत मेजवानी झाली. तेथून परततांना प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांजवर चाफेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. ही घटना रस्त्यावरील म्हणून प्रचलित वृत्तान्त तिला फाटकाबाहेर ठेवितो. आम्हांस हें मान्य नाहीं. पुणें शहर प्लेगनें व प्लेगच्या बंदोबस्तानें पोळलें असतां येथें उत्सव झाला, ही गोष्ट वास्तूच्याच चरित्रांत मोडते. त्याच सांथींत, या मेजवानीपूर्वीं अवघे साडेतीन महिने, ता. १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करितां करितां प्लेगनें वारल्या. इ. स. २०१४ पासून विद्यापीठास त्यांचेंच नांव आहे. या दोन तारखा शेजारीं ठेविल्यावांचून नामांतराचा खरा अर्थ उमगणार नाहीं.

तिसरा मुद्दा १९४९ चा. विद्यापीठाची स्थापना ता. १० फेब्रुवारीस झाली, डॉ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरु. आरंभींची कचेरी भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहांत होती व ती १ जूनच्या सुमारास गणेशखिंडींत आली. म्हणजे विद्यापीठ या वास्तूंत जन्मलें नसून येथें राहावयास आलें. त्यापूर्वींचीं सुमारें ८० वर्षें 'पूर्वपीठिका' म्हणून एका ओळींत उरकणें अभ्यासकास शोभत नाहीं.

संग्राहकांस आमची एक विनंती आहे. दापोडीच्या बागेंतील वनस्पतींचीं जीं चित्रें डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनीं काढविलीं, तीं एडिंबरोच्या शाही वनस्पति-उद्यानांत जपलीं गेलीं. दापोडीचें निवासस्थान गेलें, कागद उरला. त्याचप्रमाणें खामगांवच्या अडत्यांच्या वह्या, प्लेगच्या काळचीं घरगुती पत्रें, महोत्सवाचीं निमंत्रणें, विद्यापीठाचीं पहिल्या वर्षांचीं पत्रकें ज्यांच्या दप्तरांत असतील, त्यांनीं तीं रद्दींत न घालतां, कोठें व कशीं मिळालीं याची नोंद करून जपावीं. भिंतींस नवा रंग लागला कीं जुना उपयोग झांकला जातो. त्याची साक्ष द्यावयास असे कागदच उरतात.