उद्यापासून पेपर टाकू नका

समीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कविता येते, कादंबरी येते, नाटक येतं. आज आम्ही ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत, तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापलेला असतो आणि त्याच्याखाली कुणाचंच नाव नसतं. वार्षिक वर्गणीची सवलत योजना. वर्षाचे पैसे एकदम भरा, निम्म्या किमतीत अंक मिळवा, वर हमखास भेटवस्तू, आणि नशीब असलं तर सोडतीत दुचाकी.

हा मजकूर नीट वाचून बघा. मोठ्या टायपात काय असतं? बचत, भेट, भाग्यवान विजेते. कुकरचं चित्र असतं, बॅगेचं असतं. नसते ती फक्त बातमी. आमचे वार्ताहर अमुक तालुक्यांत आहेत, जिल्हा परिषदेच्या प्रत्येक सभेला आमचा माणूस बसतो, असं एखादं वाक्य त्यात सापडतं का? वर्तमानपत्र स्वतःला विकायला निघालं आहे आणि स्वतःबद्दल त्याला सांगण्यासारखं काहीच सुचत नाही, ही आमच्या मते पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. कुपन कापून चिकटवायच्या योजनेत तर आणखी गंमत. कुपन कापलं की मागच्या पानावरच्या बातमीला भोक पडतं, आणि त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नसते.

आता थोडा हिशेब करू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपापल्या गावचे घालून बघा. अंकाची किंमत 5 रुपये, वर्षाचे 360 अंक, म्हणजे 1800 रुपये. योजनेत भरायचे 900. भेटवस्तू 300 रुपयांची. म्हणजे वर्तमानपत्राच्या हाती उरले 600, दर अंकाला पावणेदोन रुपयेसुद्धा नाहीत. बारा पानी अंकाला साधारण 50 ग्रॅम कागद लागतो. कागद 60 रुपये किलो धरला तर नुसत्या कागदाचे झाले 3 रुपये. शाई, छपाई, वाहतूक, वार्ताहराचं मानधन हे सगळं अजून पुढेच आहे. इकडे वाचकाकडे वर्षाची रद्दी साचते 18 किलो. 12 रुपयांच्या भावाने तिचे आले 216. तेव्हा वाचकाच्या खिशातून खरोखर किती गेले, ते तुम्हीच काढा.

मग उरलेले पैसे कोण देतं? जाहिरातदार देतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मोठ्या शहरात जाहिरातदार पुष्कळ असतात, एक रुसला तर दुसरा असतो. तालुक्याच्या गावात ते बोटांवर मोजता येतात. नगरपालिका, साखर कारखाना, एखादा बिल्डर, शिकवणीवाले, आणि वाढदिवस असलेले पुढारी. नेमकी याच मंडळींची बातमी स्थानिक वर्तमानपत्राने द्यायची असते. वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायला ज्या वार्ताहराला धाडलं जातं, त्यानेच त्या पुढाऱ्याच्या टेंडरची चौकशी करायची. कशी करणार, सांगा?

इथे कुणी म्हणेल, मग सरकारने किंमतच ठरवून द्यावी. हे करून झालेलं आहे, आणि त्या गोष्टीचा नायक मराठी वर्तमानपत्रच आहे. पहिल्या प्रेस कमिशनने 1954 मध्ये पानांच्या संख्येला किंमत जोडून द्यायची शिफारस केली. त्याप्रमाणे 1956 मध्ये कायदा आला आणि 1960 मध्ये आदेश निघाला. हेतू वाईट नव्हता. पैसेवाल्या मोठ्या पत्राने स्वस्तात जास्त पानं देऊन लहान पत्रांना मारू नये, असा तो होता. पण पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा 7 नव्या पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून 34 पानं देत होता. नव्या आदेशाप्रमाणे एकतर पानं कमी करा, नाहीतर किंमत वाढवा. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. 1961 मध्ये न्या. मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाने तो कायदा घटनाबाह्य ठरला. किंमत वाढली की खप घटतो, पानं घटली की विचार मांडायची जागा घटते, आणि दोन्हीकडून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच घाला पडतो, हा त्यामागचा विचार.

म्हणजे स्वस्त विकण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, हे आम्हालाही मान्य आहे. मग आजच्या सवलतीला आमचा आक्षेप कशासाठी? फरक बघा. ते 7 पैसे अंकावर छापलेले होते, सगळ्यांना सारखे होते, आणि अंक आवडला नाही तर पेपरवाल्याला दुसऱ्या दिवशी सांगता येत होतं, ‘उद्यापासून पेपर टाकू नका.’ हे वाक्य साधं वाटतं, पण संपादकावर वाचकाचा जो काही वचक असतो, तो या वाक्यात असतो. गावातल्या पन्नास घरांनी एका आठवड्यात ते उच्चारलं तर कार्यालयात फोन खणखणतो. वर्षाचे पैसे आगाऊ घेणारी योजना नेमका हाच हक्क विकत घेते. तुम्ही वाचा, न वाचा, चिडा, खपाच्या आकड्यात तुम्ही वर्षभर बसलेलेच. आणि तो आकडा जातो जाहिरातदाराकडे, सरकारी जाहिरातींच्या यादीकडे.

यात विक्रेत्यालाही विसरता कामा नये. छापील किंमत खाली आली की टक्केवारीचं कमिशन खाली येतं. पहाटे चारला उठणं, सायकल आणि पाऊस मात्र तेवढेच राहतात.

सगळ्या सवलती वाईट असं आम्ही म्हणत नाही. विद्यार्थ्याला, गावच्या वाचनालयाला, वसतिगृहाला कमी दरात अंक देणं म्हणजे नवा वाचक घडवणं. तिथे सवलत वाचण्यासाठी असते. कुकरवाली सवलत मोजण्यासाठी असते. दोन्हींची पारख करायला एक प्रश्न पुरेसा आहे: मध्येच अंक बंद केला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देणार का? जे वर्तमानपत्र ‘देऊ’ म्हणेल, त्याची सवलत खुशाल घ्या. त्याला आपल्या बातमीवर भरवसा आहे. जे गप्प बसेल, त्याच्याकडून महिन्याच्या महिन्याला पूर्ण किंमत देऊन अंक घ्या. चार पैसे जास्त जातील, पण पेपरवाल्याशी बोलायची सोय राहील.